मुदत संपलेलं नाव

मियागाओ या किनाऱ्यावरच्या गावाच्या नगर कार्यालयात जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवणारी देल्फिना फामातिद त्या दिवशी जेवणाच्या सुटीत बाहेर पडली, ती फक्त एक फोटो छापून आणायला. धाकट्या भावाच्या वाढदिवसाची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, रविवारी होती. आईने बजावलं होतं, देव्हाऱ्यातला फोटो उन्हाने पार उडालाय, नवा आण, पण त्यात तो हसतोय तोच आण.

हसतानाचा फोटो एकाच ठिकाणी होता. भावाच्या वेबसाइटवर.

भाऊ म्हणजे रेनान्ते. मालवाहू जहाजावर खलाशी होता. सहा वर्षांपूर्वी सुमात्राच्या पश्चिमेला, वारा पडलेला असताना, एका शांत सकाळी तो जहाजावर नव्हता. एवढंच काय ते कळलं. चपला कठड्यापाशी जोडीने ठेवलेल्या होत्या, अंथरुणाची घडी घातलेली होती. दोन दिवस शोधलं, मग कंपनीचं पत्र आलं. माणूस आला नाही, त्याचं शरीरही आलं नाही.

ती वेबसाइट त्याने नाविक शाळेत असताना बनवली होती, स्वतःच्या नावाची. ज्या बंदरात जहाज लागेल तिथला एक फोटो आणि खाली चार ओळी, तिथले लोक सकाळी काय खातात त्याच्या. समुद्र तर रोजच दिसतो, त्याचा फोटो कशाला, असं म्हणायचा. वर बंदराचं नाव आणि शेवटी ठरलेले दोन शब्द : पोट भरलं. अशा एकेचाळीस नोंदी होत्या.

तो गेल्यावर देल्फिनाने ते नाव जिवंत ठेवलं होतं. वेबसाइटचं नाव काही जमिनीसारखं कायमचं घेता येत नाही. ते वर्षाच्या बोलीवर मिळतं, आणि मुदत सरायच्या आत पुढच्या वर्षाची नोंदणी करावी लागते. मुदतीच्या आठवणीची पत्रं रेनान्तेच्याच जुन्या ईमेलवर जायची, म्हणून ती दर फेब्रुवारीत कॅलेंडरवर खूण करून ठेवायची. या फेब्रुवारीत आई न्यूमोनियाने इलोइलोच्या इस्पितळात तीन आठवडे पडून होती. खूण राहिली कॅलेंडरवर, कॅलेंडर राहिलं भिंतीवर.

चर्चसमोरच्या चौकात विल्मारचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. विल्मार रेनान्तेचा वर्गमित्र. जहाजावर एकच फेरी करून परत आला होता आणि पुन्हा कधी गेला नाही. का, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. देल्फिनाने त्याच्या यंत्रावर भावाचं नाव टाकलं. पांढरं पान उघडलं. मधोमध एकच ओळ होती : हे नाव आता दुसऱ्याच्या मालकीचं आहे.

विल्मारने तिला बाजूला करून दोन-चार ठिकाणी शोधलं. बाहेर मे महिन्याचं ऊन चौकातल्या फरशीवर थरथरत होतं. ओहोटीचा कुजका, खारा वास इथपर्यंत येत होता.

"मुदत संपून अडीच महिने झालेत, मानांग," तो म्हणाला. तिथे थोरल्या बहिणीला मानांग म्हणतात, आणि विल्मार लहानपणापासून तिला तेच म्हणायचा. "तरी पान आजपर्यंत उघडत होतं. आज अकराला नाव मोकळं झालं, आणि अकरालाच कुणीतरी उचललं."

कुणी, ते मालकाने लपवलं होतं. विल्मारने समजावलं की पडलेली नावं वेचायचाच धंदा करणारे लोक असतात, नाव घेतात आणि त्यावर जुगाराच्या जाहिराती लावतात. देल्फिनाला ते पटलं नाही. या गावाबाहेर फामातिद हे नाव कुणाला धड उच्चारताही येत नव्हतं. ते कुणाला हवं असेल?

"नानायला एवढ्यात सांगू नकोस," विल्मार म्हणाला; देल्फिनाच्या आईला तोही नानाय, म्हणजे आईच, म्हणायचा. "रोज दहा वाजता वाचते ना ती."

सल्ला शहाणपणाचा होता. पण दुकानातून निघता निघता देल्फिनाच्या मनात पाल चुकचुकली. आई दहा वाजता वाचते, हे याला कुणी सांगितलं?

देल्फिनाचा स्वभावच तसा होता. बावीस वर्षं ती लोकांचे कागद तपासत होती. वय चोरणारे, बाप बदलणारे, मेलेल्याच्या नावाने पेन्शन खाणारे, सगळे तिच्या टेबलासमोर येऊन गेले होते. खोटा कागद हातात आला की वाचायच्या आधीच तिला कळायचं.

आईचं मात्र उलट. ती हातमागावर कापड विणायची. सकाळी सहाला बसायची, दहाला उठायची, हात पुसून टॅब्लेट घ्यायची आणि रेनान्तेची एक जुनी नोंद वाचायची. एकेचाळीस संपल्या की पुन्हा पहिली. तिची ती रोजची प्रार्थनाच होती. देल्फिनाने थाप मारली की वेबसाइटची दुरुस्ती चालू आहे. त्या दिवसापासून आई दहाला उठेनाशी झाली, विणतच राहिली.

तिसऱ्या आठवड्यात देल्फिना कार्यालयातून घरी आली तर आई दारातच उभी.

"इंदाय, दुरुस्ती झाली की," ती म्हणाली. "आणि तोतोने नवीन लिहिलंय." लेकीला ती इंदाय म्हणायची, लेकाला तोतो.

देल्फिनाने टॅब्लेट घेतला. वेबसाइट होती तशी परत आली होती, एकेचाळीसच्या एकेचाळीस नोंदी. आणि वर बेचाळिसावी, त्याच आठवड्याची तारीख असलेली. फोटोत टेबलाची कड आणि एक पांढरा वाडगा, त्यात पेज. खाली लिहिलं होतं : इथे सकाळी भात पातळ करून खातात. बोलत नाहीत. पोट भरलं. वर बंदराच्या नावाची जागा तेवढी कोरी होती.

विल्मार म्हणाला, यात चमत्कार काही नाही. जुन्या पानांच्या प्रती इंटरनेटवर कुठे ना कुठे पडून असतात, त्या उचलून पुन्हा लावता येतात. आणि चार ओळी वाचून पाचवी तशीच लिहिणारी यंत्रं आता आली आहेत. हेही त्याने इतकं पटकन सांगितलं की देल्फिनाचा संशय वाढला. वेबसाइटची मूळ मांडणी रेनान्तेला करून कुणी दिली होती? यानेच.

पण खरा धक्का महिन्याभराने, आईचा टॅब्लेट चाळताना बसला. वेबसाइटवर खाली 'मला लिहा' अशी एक चौकट होती. आईने त्यात केव्हाच लिहिलं होतं, आणि तिला उत्तरंही येत होती. देल्फिनाने ती सगळी छापून घेतली आणि कार्यालयात, खोटे कागद तपासताना मांडायची तशी, ओळीने टेबलावर मांडली. अकरा पत्रं होती.

पहिल्यात होतं, नानाय, कशी आहेस? मी ठीक आहे. मला थोडं विसरल्यासारखं होतं. आपल्या घराचा रंग कोणता होता?

पुढच्या प्रत्येक पत्रात असाच एक प्रश्न. खिडकी कुठल्या दिशेला आहे? कुत्रा आहे का अजून? मला लाडाने काय म्हणायचीस? माझ्या खोलीत आता कोण झोपतं? आईने एकूण एक सांगितलं होतं. आणि सांगितलेलं दोन दिवसांनी नव्या नोंदीत उतरत होतं, रेनान्तेच्या आवाजात. म्हणजे समोरच्याला मुळात काहीच ठाऊक नव्हतं. तो आईकडूनच तिचा मुलगा थोडा थोडा काढून घेत होता.

भाषा मात्र तिला छळत राहिली. ती त्यांचीच किनाराया बोली होती, स्वच्छ, पण जुनी. न्याहारीसाठी जो शब्द वापरला होता तो देल्फिनाने तिच्या आजोबांच्या तोंडी शेवटचा ऐकला होता. रेनान्ते तसं बोलत नव्हता. विल्मारही बोलत नव्हता.

अकराव्या पत्रात विचारलं होतं : मानांग घरी केव्हा नसते?

खाली आईचं उत्तर होतं : सोमवार ते शुक्रवार, आठ ते पाच.

देल्फिना तशीच पोलिस ठाण्यात गेली. तिथल्या अंमलदाराने पत्रं वाचली आणि विचारलं, पैसे मागितलेत का? नाही. धमकी दिलीय? नाही. मग मी काय लिहून घेऊ, असं म्हणून त्याने कागद परत केले. तिला नेमकी त्याचीच भीती वाटत होती. पैसे मागितले असते तर तो चोर आहे एवढं तरी नक्की झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती कुणाला न सांगता बारा वाजता घरी आली. मागाचा आवाज बंद होता. अंगणातली कोंबडी सावलीत गप्प बसली होती. आत ओल्या दोरखंडाचा वास येत होता, घरात दोरखंड नसताना. आई टेबलापाशी बसली होती. काद्योस, म्हणजे तुरीचे दाणे, आणि फणस घातलेला डुकराचा रस्सा वाढलेला होता, आणि ताटं दोन होती.

"दुसरं कुणाचं?"

"तुझंच गं," आई म्हणाली.

देल्फिना बसली आणि जेवली. आपण येणार हे आपणच तासापूर्वीपर्यंत ठरवलं नव्हतं, हे तिने बोलून दाखवलं नाही. अन्न थंडगार होतं.

विल्मारवरच्या संशयाचा खुंटा हलवून बघायचाच, असं तिने ठरवलं. शनिवारी ती विल्मारच्या दुकानात जाऊन बसली. तो दोन्ही हात काळे करून प्रिंटर उघडत होता. त्याच्या पलीकडच्या यंत्रावर तिने आईच्या नावाने चौकटीत लिहिलं : तोतो, काय करतोस? आणि नजर विल्मारच्या हातांवर ठेवली. हात प्रिंटरमध्येच होते. मिनिटभरात उत्तर आलं.

नानाय, आज तू दुसरीकडून लिहितेस. तुझ्यासमोर कोण बसलंय?

तिने विल्मारला बोलावलं. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं. कुठल्या यंत्रावरून लिहिलं ते समोरच्याला कळू शकतं, असं तो पुटपुटला. मग वाकून त्याने यंत्राची वायर भिंतीतून उपसली.

"कोण बसलंय, हे नाही कळत..." तो म्हणाला. नंतर बराच वेळ तो हात पुसत राहिला.

तो विल्मार नव्हता, एवढं नक्की झालं. तिला त्याने हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

आता एकच उपाय होता. खोट्या कागदवाल्याला ती नेहमी करायची तो. आपणच एक खोटी गोष्ट पुढे सरकवायची आणि तो ती खरी म्हणून सही करतो का बघायचं. आईच्या नावाने तिने लिहिलं : लहानपणी चिंचेवरून पडलास, तेव्हापासून डाव्या हाताची करंगळी वाकडी राहिली, ती अजून दुखते का रे? रेनान्ते कधी चिंचेवरून पडला नव्हता. त्याची बोटं मेणबत्तीसारखी सरळ होती.

तीन दिवस काही आलं नाही. चौथ्या दिवशी नवी नोंद आली. तोच पांढरा वाडगा होता, पण या वेळी वाडग्याभोवती हात होता. पहिल्यांदाच. पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली बोटं. डावा हात. करंगळी आत वळलेली.

देल्फिना फोटो घेऊन धावतच घरी आली. आईला मागावरून उठवून समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. पत्रं, प्रश्न, सापळा, करंगळी. हा आपला रेनान्ते नाही, हा कुणीतरी लुच्चा आहे.

आईने हात पुसून फोटो जवळ घेतला.

"बोट सरळ होतं त्याचं," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

"मग?"

"मला पहिल्या पत्रापासून माहीत आहे, इंदाय. तोतोने कधी माझी तब्येत विचारली होती? फोन उचलला की पहिला प्रश्न, किती वार विणलंस? या पत्रात ते नव्हतं."

मग तू लिहितेस कशाला, असं देल्फिनाने विचारलं तेव्हा तिचा आवाज चढला होता. आईचा चढला नाही.

"ज्याला स्वतःच्या घराचा रंग आठवत नाही, तो काही सुखात नसणार. समुद्रात काय माझा एकटाच आहे? कितीतरी असतील. काहींच्या आया केव्हाच गेल्या, त्यांना लिहायला कुणी उरलं नाही. मी याला चार शब्द दिले, तर तिकडे माझ्या पोराशीही कुणी चार शब्द बोलेल..."

"आणि घरी येतो म्हणाला तर?"

आईने मांडीवरचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळला.

"मी अजून त्याला ये म्हटलेलं नाही," ती म्हणाली.

ते 'अजून' ऐकून देल्फिनाने टॅब्लेट तिच्या हातात दिला आणि शेवटचं पत्र तिच्याकडूनच लिहवून घेतलं. आईने फार वेळ लावला. लिहिलं एवढंच : आता पुरे, बाळा. आमच्याकडे द्यायला आणखी काही नाही. जिथे आहेस तिथे नीज.

उत्तर लगेच आलं.

बरं. मग त्यालाच विचारतो.

त्यानंतर पत्र आलं नाही, नोंदही नाही. आई दोन दिवस मागावर बसली नाही. तिसऱ्या दिवशी तिने आपण होऊन विषय काढला. रेनान्तेच्या मृत्यूचा कोर्टाचा कागद तीन वर्षांपासून देल्फिनाच्या खणात पडून होता. नोंद तेवढी आईने अडवून धरली होती. ती म्हणाली, करून टाक. देल्फिनाने स्वतःच्या हाताने नोंदवहीत भावाचं नाव लिहिलं, आणि खाली नोंद करणाऱ्याची सही म्हणून आपलंच.

वर्ष गेलं. पुढच्या ऑगस्टमध्ये विल्मार कार्यालयात आला, खिडकीतून डोकावला आणि म्हणाला की नाव पुन्हा पडलंय, त्या मालकाने मे महिन्यात मुदत वाढवली नाही. आज मोकळं झालं आणि विल्मारने ते तिच्या नावावर घेऊनही टाकलं.

"गेल्या वर्षी माझ्यावर संशय होता ना, मानांग?"

"होता," ती म्हणाली. "दहा वाजता आई वाचते हे तुला कसं माहीत होतं?"

"तिचा टॅब्लेट बंद पडला की ती कुणाकडे आणते? कार्यालयात बसून सगळं गाव ओळखतेस, घरातलं तेवढं विचारत नाहीस."

ती बऱ्याच दिवसांनी हसली. त्या दुपारी दोघांनी मिळून वेबसाइटवर फक्त एक पान ठेवलं : रेनान्तेचं नाव, दोन तारखा आणि गेल्या वर्षी उतरवून ठेवलेला हसतानाचा फोटो. बाकी काही लावलं नाही, 'मला लिहा'ची चौकटसुद्धा. एक गोष्ट विल्मारने जाता जाता सांगितली. आता नाव तिचं होतं, म्हणून त्या नावाच्या ईमेल पत्त्यावर जगातून कुणीही पत्र पाठवलं तर ते तिच्याच फोनवर येणार होतं. बहुतेक जाहिरातीच येतील, घाबरू नकोस.

आठवडाभर जाहिरातीच आल्या.

मग एका मंगळवारी, भर अकरा वाजता, वही उघडी असताना एक पत्र आलं. रेनान्तेच्या नावाने. भाषा परकी होती. पाठवणारीचं नाव रोहानी होतं, आणि खाली सुमात्राच्या किनाऱ्यापलीकडच्या एका बेटाचा पत्ता. विल्मारला जहाजावर असताना शिकलेली थोडी मलय भाषा येत होती, म्हणून ती तशीच चौकात गेली. तो फोन हातात धरून एकेक वाक्य लावत वाचू लागला. दुकानाबाहेर कुणीतरी नारळ फोडत होतं.

"रेनान्ते, तू गेलास त्याला पौर्णिमेला महिना होईल. ओट्यावर ओल्या बोटाने हा पत्ता लिहून गेलास तो अजून वाळलेला नाही, त्यावरूनच बघून लिहिते आहे. तू ये. सकाळी तू येऊन बसतोस, चार घास खातोस, त्याची आम्हाला काही अडचण नाही. पण त्या दुसऱ्याला आणू नकोस..."

विल्मार थांबला. देल्फिनाने पुढे वाच अशी खूण केली.

"तो खात नाही. दारात उभा राहून तुला सारखं काहीतरी विचारत असतो, आणि तू सांगितलंस की तेच तुझ्या आवाजात म्हणून बघतो. प्रत्येक फेरीला तू आणखी थोडा कमी बोलतोस. पहिल्यांदा आलात तेव्हा तो तुझ्यासारखा अजिबात दिसत नव्हता..."

"संपलं?"

"हे संपलं." विल्मारने अंगठ्याने पडदा वर सरकवला. "तिचंच आणखी एक आलंय. आत्ताच. यात कुणाचं नाव नाही घातलेलं..."

"वाच."

अगदी हळू, शब्द शब्द सुटा करून त्याने वाचलं.

"आज सकाळी एकच आला. घास घेतला नाही. मी नाव विचारलं. त्याने अगदी बरोबर सांगितलं."